नूडल्सच्या कढईत पाणी येतं कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ऐरोलीत राहता. हॉटेलात खाल्लेले बीफ नूडल्स घरी करून पाहिलेत. ४०० ग्रॅम मांस, हक्का नूडल्सची दोन पाकिटं, ढीगभर भाज्या, सगळं एका मोठ्या नॉनस्टिक कढईत आणि गॅस फुल. मांस रबरासारखं झालं, नूडल्सचा लगदा झाला आणि तळाशी काळपट पाणी साचलं. दुसऱ्यांदा सॉस वाढवून पाहिलात, तरी तेच. आता रविवारी सहा मित्र जेवायला येणार आहेत आणि तुम्ही विचारताय, की हॉटेलची भट्टी नसेल तर हे घरी जमणारच नाही का?

जमतं. मी बावीस वर्षं चायनीज भट्टीवर काढली, आधी वाशीत, मग ठाण्यात. तरी पहिल्यांदा घरी, कळव्याच्या भाड्याच्या खोलीत, हेच नूडल्स केले तेव्हा माझंही तुमच्यासारखंच झालं होतं. मेव्हणे जेवायला आलेले, मी मोठ्या तोऱ्यात अर्धा किलो मांस एकदम कढईत लोटलं. बायकोनं डोकावून विचारलं, "वाट्या काढू का ताटल्या?" ते अजून ऐकवलं जातं.

त्या दिवशी मीही गॅसलाच शिव्या घातल्या. पण गॅस तेवढा दोषी नाही. दोष पाण्याचा. हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे पुढचं सगळं का सांगतोय ते कळेल.

घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण २ ते ३ किलोवॅटचा असतो. त्यातली निम्मी उष्णता कढईला लागते, बाकीची कडेनं निसटते. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे २,२६० ज्यूल लागतात. म्हणजे तुमचा गॅस मिनिटाला फार तर ३०-४० ग्रॅम पाणी उडवू शकतो. आता मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. ४०० ग्रॅम एकदम टाकलं की ते आकसतं आणि शंभरेक मिली पाणी सहज बाहेर टाकतं. त्यात धुतलेला कोबी, ओले नूडल्स, गाजर, सॉस. दोनशे मिलीच्या घरात गेलं की नाही? ते उडायला पाच-सहा मिनिटं हवीत. आणि कढईत पाणी आहे तोवर मांस १०० अंशांच्या वर जात नाही. मांसाला तो भाजका तपकिरी रंग आणि वास यायला लागतो साधारण १४० अंशांच्या पुढे. तुमचं मांस ती पाच-सहा मिनिटं परतलं जात नव्हतं, उकडत होतं.

हॉटेलची भट्टी घरच्या बर्नरच्या दहापट ताकदीची असते. तिच्यावर पाण्याची चूक झाली तरी भुर्रकन उडून जाते. घरच्या गॅसवर चूक माफ नाही, म्हणून पाणी कढईत येण्याआधीच अडवायचं.

मांसापासून सुरू करू. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६च्या कायद्यानं बंदी आहे आणि २०१५पासून बैल-वळूही त्यात आले. त्यामुळे इथे दुकानात बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. परदेशी रेसिपी वाचून करणाऱ्यांची पहिली गल्लत इथेच होते. त्या रेसिपी चरबीच्या जाळीच्या, मऊ मांसासाठी लिहिलेल्या असतात. म्हशीचं मांस जास्त गडद, चरबी कमी, धागा जाड, आणि जनावर बहुतेकदा वयस्क. चवीला मला तेच आवडतं, उगाच कमीपणा मानू नका. पण त्याला वागवायची रीत वेगळी.

ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरनं ठाण्याला उतरून राबोडीत जा, नाहीतर सरळ मुंब्रा-कौसा गाठा. सकाळी जा. कसायाकडे अंडरकट मागा. पाठीच्या कण्याखालचा हा लांबट तुकडा सगळ्यात मऊ, कारण जनावर त्या स्नायूचं फारसं काम करत नाही. तो पटकन संपतो आणि महागही पडतो. नाही मिळाला तर मांडीचा, पसंद्याला वापरतात तो भाग घ्या. "भाई, पसंदे का टुकडा दो, काटना मत," असं स्पष्ट सांगा. नाहीतर बोलता बोलता त्याची बोटी करून पिशवीत टाकतील आणि मग नूडल्सचा नाद सोडून रस्साच करावा लागेल. सहा पाहुणे आणि तुम्ही, मिळून ६०० ग्रॅम पुरे.

आणि रविवारच्या जेवणाला रविवारी सकाळी आणू नका, शुक्रवारी आणा. कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि मग दिवसा-दोन दिवसांत हळूहळू सैल पडतात. आपल्याकडे मांस त्याच दिवशी विकलं जातं, त्याच दिवशी शिजतं, म्हणजे नेमकं ताठरलेलं असताना. झाकून फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात दीड दिवस ठेवलंत तर फरक दाताला कळेल.

कापणं. यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण अर्धी लढाई इथेच. माझे पहिले उस्ताद दार्जिलिंगचे होते. पहिले चार महिने त्यांनी मला भट्टीजवळ फिरकू दिलं नाही, नुसतं कापायला बसवलं. तुकडा हातात दिला की विचारायचे, "लाइन किधर जा रहा है?" मांसाचे धागे कुठल्या दिशेनं जातात ते बघायचं आणि सुरी त्यांना आडवी चालवायची. सुतळी दातानं तुटत नाही, पण तीच कात्रीनं तीन-तीन मिलिमीटरवर कापली तर बोटांत भुगा होतो. मांसाचंही तसंच. धाग्याच्या दिशेनं कापलेली पट्टी कितीही चावा, सुतळीच. मांडीच्या तुकड्यात धागे मध्येच दिशा बदलतात, तेव्हा तुकडाही फिरवायचा.

तीन मिलिमीटरचा काप घरच्या सुरीनं मऊ मांसात निघत नाही. तुकडा पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेरून कडक, आत सुरी जाईल इतपत. पूर्ण गोठू देऊ नका, कारण गोठताना बर्फाचे स्फटिक मांसाच्या पेशी फोडतात आणि वितळताना पाणी सुटतं. पुन्हा पाणी. पांढरे पापुद्रे नि शिरा काढून टाका, ते एका मिनिटात काही शिजत नाहीत.

हे एक मिनिट लक्षात ठेवा. अशा मांसाला मऊ करायच्या दोनच वाटा आहेत. एक तर पातळ काप करून मिनिटभरात कढईतून काढायचं. नाहीतर दीड-दोन तास मंद शिजवायचं, म्हणजे धाग्यांना बांधून ठेवणारं चिवट कोलॅजन विरघळून मऊ जिलेटिन होतं. पाच-सहा मिनिटं ही सर्वांत वाईट वेळ. धागे आकसून झालेले असतात आणि कोलॅजन अजून विरघळलेलं नसतं. तुमचं मांस तिथेच अडकलं होतं.

आता सोडा. नाक मुरडू नका, गाडीपासून मोठ्या हॉटेलापर्यंत सगळे वापरतात. ६०० ग्रॅम कापांना एक सपाट छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि तीन मोठे चमचे पाणी चोळा, २५ मिनिटं ठेवा. बेकिंग पावडर नव्हे, साधा खाण्याचा सोडा. त्यानं मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो आणि प्रथिनं आचेवर एकमेकांना घट्ट आवळून धरत नाहीत, त्यामुळे आतलं पाणी आतच राहतं. मग दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवा. न धुता घेतलंत तर साबणाची चव येते. धुतल्यावर मुठीत दाबून पिळा आणि सुती पंचावर पसरून टिपा. हे टिपणं लोक हमखास गाळतात आणि मग मला विचारतात पाणी कुठून आलं.

कच्ची पपई लावू का, असंही काही जण विचारतात. कबाबाला लावा. पातळ कापावर पपईनं वरचा थर पिठूळ होतो आणि कढईत त्याचा गिचका होतो.

टिपलेल्या कापांना दीड मोठा चमचा लाइट सोया, अर्धा छोटा चमचा पांढरी मिरीपूड आणि दोन मोठे चमचे पाणी घालून हातानं मळा, पाणी दिसेनासं होईपर्यंत. हो, पाणीच. इतका वेळ पाण्याच्या नावानं बोटं मोडतोय आणि आता स्वतःच घालतोय. पण हे मांसात मुरलेलं पाणी आहे, कढईत सांडलेलं नाही. त्यावर दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोर चोळा, म्हणजे त्याला बाहेरून अस्तर बसेल. शेवटी चमचाभर तेल, म्हणजे काप एकमेकांना चिकटणार नाहीत. अर्धा तास बाहेर राहू द्या. फ्रिजमधून काढून थेट कढईत गेलेलं गार मांस तळाची आच खाऊन टाकतं.

नूडल्स दुपारीच उकडून ठेवा. गाडीवाला नूडल्स सकाळी का उकडून ठेवतो? घाई असते म्हणून, हे खरंच. पण गार होऊन सुकलेल्या नूडल्समधला स्टार्च घट्ट बसतो आणि परतताना तुटत नाही, चिकटत नाही. १५० ग्रॅमची तीन पाकिटं घ्या. मोठ्या पातेल्यात भरपूर मीठ-पाणी उकळा आणि पाकिटावर लिहिलंय त्याच्या एक मिनिट आधी काढा. एक धागा तोडून बघा, मध्ये टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. लगेच गार पाण्याखाली धरा, चाळणीत निथळा, दोन छोटे चमचे तेल लावून मोठ्या परातीत पातळ पसरा आणि पंख्याखाली ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात हाताला कोरडे लागतील. मग झाकून फ्रिजमध्ये. आमच्याकडच्या दमट हवेत ते दिवसभर ओट्यावर ठेवायचे नाहीत, शिजलेल्या स्टार्चमध्ये जंतू फार लवकर वाढतात. परतायच्या अर्धा तास आधी बाहेर काढून बोटांनी मोकळे करा.

'हक्का' हे नाव कुठून आलं तेही तुम्ही विचारलंय, म्हणून थोडं. हक्का हे चिनी लोकांमधल्या एका समाजाचं नाव. कोलकात्याच्या टांगरा भागात त्यांचे चामड्याचे कारखाने होते, आणि त्यांच्या हातची चव आपल्याकडच्या आलं-लसूण-मिरचीत मिसळून आजचं 'इंडियन चायनीज' झालं. तुम्ही खाल्लेल्या पदार्थाचा दुसरा पूर्वज कँटनी, म्हणजे दक्षिण चीनमधला. त्यात तांदळाच्या रुंद, ताज्या पट्ट्या आणि बीफ कोरडं परततात, रस्सा अजिबात नाही. तिथे आचाऱ्याची परीक्षा याच पदार्थावर घेतात, पट्ट्या तुटता कामा नयेत आणि ताटलीत तेल साचता कामा नये. आपण गव्हाचे नूडल्स घेतो, ते बरेच सोशिक.

भांडं. रिकामी नॉनस्टिक फुल गॅसवर तापवू नका. २६० अंशांच्या वर तो लेप खराब व्हायला लागतो, आणि एवढ्या आचेचं भांडं ते नव्हेच. तुमच्या आईकडे किंवा आजीकडे बिडाचा तवा पडून असेल, तो आणा. बीड जाड असल्यानं उष्णता साठवून ठेवतं. तुमचा गॅस कमी ताकदीचा आहे, तर ताकद आधी तव्यात जमा करून ठेवायची, अशी ही युक्ती. मांस त्या तव्यावर करा आणि नूडल्स लोखंडी कढईत. इंडक्शन असेल तर त्यालाही हसू नका. त्याची उष्णता कडेनं निसटत नाही, त्यामुळे सपाट तळाचा लोखंडी तवा त्यावर गॅसपेक्षा चांगला तापतो. फक्त तवा उचलून हवेत उडवायचा मोह आवरा, उचलला की आच बंद. खरं तर गॅसवरही उडवू नका. भट्टीत ज्वाळा कढईच्या कडांवर चढतात, म्हणून तिथे उडवण्याला अर्थ आहे. घरी ती नुसती हवा घालणं.

भाज्या कमी घ्या. ढीगभर भाज्या हे तुमच्या पाण्याचं दुसरं मोठं धरण होतं. तिन्ही पाकिटांना मिळून दोन कांदे, एक शिमला मिरची, दोन मुठी कोबी, पातीच्या कांद्याची एक जुडी. सकाळीच धुऊन सुकू द्या. मोड आलेले मूग घालायचे तर आपले उसळीचे आखूड मोड नकोत, ते शिजायला वेळ घेतात. लांब पांढऱ्या मोडांचे मिळाले तर मूठभर. मशरूम या वेळी राहू दे.

सॉस आधीच वाटीत कालवून ठेवा. एका पाकिटाच्या खेपेला एक मोठा चमचा लाइट सोया, एक छोटा चमचा डार्क सोया, एक मोठा चमचा ऑयस्टर सॉस, अर्धा छोटा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा मिरीपूड. बस. वरून मीठ नको, एक मोठा चमचा सोया सॉसमध्येच दोन-अडीच ग्रॅम मीठ असतं. डार्क सोया रंगासाठी आहे, चवीसाठी नाही, तो वाढवलात म्हणून तुमचं पाणी काळं झालं. अजिनोमोटो चिमूटभर घालायचा तर घाला. १९०८ साली एका जपानी रसायनशास्त्रज्ञानं समुद्री शेवाळातून वेगळं काढलेलं ग्लुटामेट ते हेच, आणि टोमॅटोतही ते असतंच. आपलं घाण्याचं तिळाचं तेल मात्र चिनी तिळतेल म्हणून घालू नका. चिनी तेल भाजलेल्या तिळाचं असतं, वास वेगळा. नसेल तर वरून भाजलेले तीळ भुरभुरा.

आता रविवार संध्याकाळ. खिडकी उघडा, चिमणी लावा, धूर होणार.

एका शेगडीवर बिडाचा तवा चार-पाच मिनिटं नुसता तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत पळाला पाहिजे. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल एक मोठा चमचा, ते किंचित धुरकटलं की मूठभर, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास काप, एकेक सुटे ठेवा. आणि मग हात बांधा. ४० सेकंद हलवायचं नाही. हलवलं की तपकिरी थर बसत नाही आणि पाणी सुटतं. उलटा, १५-२० सेकंद, थोडा गुलाबीपणा असतानाच ताटलीत. तवा पुन्हा धुरकटू द्या, पुढची मूठ. असं सहा वेळा. कंटाळवाणं आहे, पण १००-१०० ग्रॅमचं पाणी तवा जागच्या जागी उडवतो, ४००चं त्याला झेपत नाही. ताटलीत जो रस जमेल तो फेकू नका, सॉसच्या वाट्यांत वाटून टाका.

दुसऱ्या शेगडीवर कढई. नूडल्सच्या तीन खेपा करायच्या, एका वेळी एकच पाकीट. तेल तापलं की कांदा नि कोबी मिनिटभर, मग ठेचलेला लसूण आणि आलं. लसूण आधी टाकलात तर कांदा होईपर्यंत तो जळून कडू होतो. भाजी बाजूच्या ताटलीत काढा. कढईत पुन्हा चमचाभर तेल, नूडल्स पसरा आणि पुन्हा हात बांधा, एक मिनिट. खालून चुरचुर आवाज येतो, तो बदलून कोरडा तडतड झाला की पलट्यानं खालून उचलून उलटा. काही धागे खरपूस झालेले दिसतील. घरच्या गॅसवर भट्टीचा धुरकट वास पुरता येत नाही, ते मान्य करा. पण हे खरपूस धागे त्याच्या पुष्कळ जवळ नेतात.

सॉस नूडल्सवर ओतू नका, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. तो उतरता उतरता चरचरतो, त्यातलं पाणी तिथेच उडतं आणि साखर किंचित भाजते. दोन हात फिरवा, भाजी आणि एक तृतीयांश मांस घाला, अर्धा मिनिट, पातीचा कांदा, गॅस बंद. व्हिनेगर घालायचं असेल तर छोटा चमचाभर, ताटलीत वाढल्यावर. लोखंडात आंबट शिजवलं की कढईचा मुरलेला काळा थर निघतो.

अंडरकट मिळालाच नाही आणि कसायाकडे फक्त नळीचं, निहारीचं मांस असेल तर वाट बदला. ते आदल्या दिवशी आलं, चक्रीफूल, दालचिनी आणि सोया सॉस घालून कुकरमध्ये मंद आचेवर ४० मिनिटं शिजवा, रसातच गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते घट्ट झालेलं असतं, पातळ काप सुंदर निघतात. तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट आणि नूडल्सवर. सोडा नको, कॉर्नफ्लोर नको. खरं सांगायचं तर वयस्क जनावराच्या मांसाला मला हीच रीत जास्त पटते, पण ते परतलेले बीफ नूडल्स नव्हेत असं म्हणणारेही भेटतील.

पाहुण्यांना सहाही ताटं एकदम वाढायचा हट्ट सोडा. पहिली खेप झाली की दोघांना वाढा, त्यांनी लगेच सुरू करावं. कढई फडक्यानं पुसा, पुन्हा तापवा, दुसरी खेप. मांस नि भाजी हाताशी असली तर एका खेपेला चार-पाच मिनिटं लागतात. तिसरी संपली की सातवं ताट तुमचं. कढईच्या तळाला चिकटलेले खरपूस नूडल्स पलट्यानं काढा आणि तिथेच उभ्यानं खा. आमच्याकडे ती खरवड भट्टीवाल्याची असायची. हेल्परनं मागितली की उस्ताद नुसता पलटा उगारून दाखवायचे.